चित्तप्रसादाचे ठिकाण : वन की विहार?

आपल्या भागातील कोणत्याही विहारात रविवारी सकाळी डोकावून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. वंदनेला पन्नाशीच्या पुढची मंडळी असतात, महिला असतात, आईचा पदर धरून आलेली लहान मुले असतात. अठरा ते तीस वयाची मुले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांपैकी एखाद्याला वाटेत गाठून विचारले तर तो संकोचाने म्हणतो, "काका, राग मानू नका, पण कान्हेरीच्या पायऱ्यांवर बसल्यावर मनाला जे वाटतं, ते इथं पंख्याखाली सतरंजीवर बसून वाटत नाही." वडीलधाऱ्यांना ही पळवाट वाटते. काही अंशी ती असेलही. परंतु प्रश्न म्हणून पाहिले तर तो खोटा नाही, आणि नवाही नाही. तथागतांच्या हयातीतच हा प्रश्न भिक्खुसंघात उभा राहिला होता आणि त्यावरून संघात फूट पडण्यापर्यंत वेळ आली होती. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा जरा मुळापासून विचार करावा असे ठरविले.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करणे भाग आहे. अशा विषयावर बोलताना लोक सहज 'आध्यात्मिक अनुभव' असे म्हणतात. या शब्दाच्या पोटात 'आत्मा' बसलेला आहे. ज्या धम्माने आत्म्याचे अस्तित्वच नाकारले, त्याच्या अनुयायांनी तो शब्द जपून वापरलेला बरा. पाली भाषेत त्याचाच भाऊबंद शोभणारा 'अज्झत्त' हा शब्द आहे. सतिपट्ठान सुत्तात तो वारंवार येतो. पण तेथे त्याचा अर्थ 'आतला, स्वतःच्या ठिकाणचा' एवढाच. आणि मन शांत, स्वच्छ व आनंदी होण्याला पालीत 'पसाद' म्हणतात, म्हणजे गाळ खाली बसून पाणी निवळावे तशी चित्ताची अवस्था. देवाशी किंवा विश्वात्म्याशी नाते जोडणे हा आपला विषय नव्हे. चित्त कोठे निवळते, आणि निवळल्यावर त्याचे पुढे काय होते, हा आपला विषय. यातला दुसरा भाग बहुतेक लोक विसरतात.

आता तथागतांच्या चरित्राकडे पाहू. लुंबिनीच्या शालवनात जन्म, उरुवेलेला निरंजना नदीकाठी पिंपळाखाली संबोधी, इसिपतनाच्या मृगदावात पहिले प्रवचन, कुशिनाऱ्याला दोन शालवृक्षांमध्ये महापरिनिर्वाण. आयुष्यातील चारही मोठ्या घटना उघड्यावर, झाडांच्या सान्निध्यात घडल्या. एकही देवळात किंवा राजवाड्यात नाही. बालपणी जांभळीच्या झाडाखाली बसलेले असताना प्रथम ध्यानाचा अनुभव आला, याची आठवण त्यांनी स्वतःच महासच्चक सुत्तात सांगितली आहे. उग्र देहदंडनाचा मार्ग फसला, तेव्हा याच आठवणीने त्यांना वाट दाखविली. थेरगाथेत महाकाश्यपासारख्या वृद्ध भिक्खूंनी डोंगर, पावसाळी ढग, थंड पाण्याचे झरे आणि मोरांचे आवाज यांबद्दल जो आनंद व्यक्त केला आहे, तो वाचला म्हणजे भिक्खू म्हणजे रुक्ष माणूस ही समजूत टिकत नाही.

एवढ्यावरून तरुणांची बाजू सिद्ध झाली असे कोणी म्हणेल. पण जरा थांबावे. उरुवेलेची जागा आपण का निवडली, याचे वर्णन तथागतांनी अरियपरियेसन सुत्तात केले आहे. रमणीय भूमी होती, वनराई होती, स्वच्छ पाण्याची, चांगल्या उताराची नदी होती, आणि जवळच भिक्षेसाठी गाव होते. हे शेवटचे वाक्य लोक वाचून सोडून देतात. गाव नसते तर भिक्षा नसती, आणि सुजातेची खीर नसती तर सहा वर्षांच्या उपासाने खंगलेला तो देह त्या झाडाखाली किती काळ तग धरू शकला असता? बिंबिसार राजाने वेळुवन दान करताना किंवा अनाथपिंडिकाने श्रावस्तीला जेतवनाची जागा शोधताना जे निकष लावले, तेही असेच आहेत. जागा नगरापासून फार लांब नसावी, फार जवळही नसावी, लोकांना जाता-येता यावे, दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. म्हणजे आपले पहिले विहार ही मुळात बागच होती. 'विहार' या शब्दालाच हिंडणे-फिरणे, रमणे आणि राहणे असे सगळे अर्थ आहेत. वन आणि विहार हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे करण्याची सवय आपली, ती त्या काळची नव्हे.

तरीही नुसते रानात गेले की काम झाले, असे तथागतांनी कधी म्हटले नाही. उदान ग्रंथात मेघिय नावाच्या तरुण भिक्खूची कथा आहे. तो तेव्हा भगवंतांची सेवा करीत होता. किमिकाला नदीच्या काठी त्याला एक सुंदर आमराई दिसली आणि ध्यानाला याहून चांगली जागा नाही असे त्याने ठरविले. भगवंतांनी सांगितले, "थोडा थांब, दुसरा कोणी भिक्खू येईपर्यंत मी एकटा आहे." त्याने तीन वेळा तीच विनंती केली, तेव्हा त्यांनी त्याला जाऊ दिले. मेघिय आमराईत झाडाखाली बसला, आणि शांती राहिली बाजूला, त्याच्या मनात कामवासनेचे, द्वेषाचे व हिंसेचे विचार गर्दी करू लागले. तो चकित होऊन परत आला. त्याला रागावणे झाले नाही. चित्त पक्व होण्यासाठी काय काय लागते ते त्याला समजावून सांगितले, आणि त्यात पहिली गोष्ट सांगितली ती कल्याणमित्राची, म्हणजे चांगल्या सोबतीची. आमराईत दोष नव्हता. मेघिय जे मन घेऊन गेला, तेच त्याला तेथे भेटले. आजकाल खांद्यावर पिशवी टाकून डोंगरावर जाणाऱ्या आपल्या मुलांना मी ही कथा मुद्दाम वाचायला सांगतो. तिच्यात उपदेशाचा वास नाही, एका तरुणाची फजिती आहे, म्हणून ती त्यांना आवडते.

रानाला भीतीचीही एक बाजू आहे. भयभेरव सुत्तात तथागत सांगतात की, संबोधीपूर्वी ते अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री मुद्दाम निर्जन वनांत जाऊन राहत. एखादे हरीण आले, मोराने काटकी पाडली किंवा वाऱ्याने पाने सळसळली तरी भय वाटे. मग ज्या स्थितीत ते असत, चालत असतील तर चालत आणि बसले असतील तर बसूनच, त्या भयाला सामोरे जात. भयापोटी माणसे डोंगर, वने, झाडे आणि देवस्थाने यांना शरण जातात, पण ते खरे शरणस्थान नव्हे, असा अर्थ धम्मपदाच्या बुद्धवग्गात आला आहे. गंमत अशी की, त्या एकाच यादीत वृक्ष आणि चैत्य दोन्ही आहेत. झाडाची पूजा करणारा आणि देवळाची पूजा करणारा, दोघांनाही एकाच मापाने मोजले आहे.

संघात फूट पडण्याची वेळ आली ती देवदत्तामुळे. त्याने पाच मागण्या केल्या. त्यांत भिक्खूंनी आयुष्यभर अरण्यातच राहिले पाहिजे, गावात राहील तो दोषी, अशी एक मागणी होती, आणि झाडाखालीच राहावे, छपराखाली जाऊ नये, अशी आणखी एक. वरवर पाहता ही फार कडक, त्यागी माणसाची मागणी वाटते. भगवंतांनी ती फेटाळली. ज्याला अरण्यात राहायचे त्याने अरण्यात राहावे, ज्याला गावात राहायचे त्याने गावात राहावे, सक्ती कोणावरच नाही, असा त्यांचा निर्णय विनयपिटकात नोंदला आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, हिरवे गवत व किडामुंगी तुडवितात, पाखरेसुद्धा पावसात घरटे धरून बसतात आणि हे मात्र फिरतात, अशी लोकांनी कुरकुर केली. तेव्हा वर्षावासाचा नियम झाला. भिक्खूने झाड तोडणे हा पाचित्तिय दोष ठरविला गेला. म्हणजे निसर्गाची काळजी घ्यावी म्हणून भिक्खूंना छपराखाली आणले गेले. निसर्ग की छप्पर या वादाला हे एक वेगळेच उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही, ती स्पष्ट लिहितो. रान सर्वांना सारखे शांत नसते. भिक्खुणी सुभा जीवकाच्या आम्रवनातून जात असता एका माणसाने तिची वाट अडविली, ही कथा थेरीगाथेत आहे. उप्पलवण्णा थेरीवर अंधवनातील कुटीत अत्याचार झाल्याचे परंपरा सांगते, आणि भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असा नियम विनयात आहे. आजही आपल्या वस्तीतील एखादी मुलगी एकटी आरेच्या रस्त्याने सकाळी फिरायला निघाली तर घरचे किती वेळा फोन करतील, हे आपल्याला माहीत आहे. दिवसभर धुणीभांडी, शिवणकाम किंवा मरोळ एम.आय.डी.सी.तील कारखान्यात काम करून आलेल्या बाईला तासभर निवांत, निर्भयपणे बसता येईल अशी जागा विहाराशिवाय दुसरी कोणती? विहारात महिलांची संख्या अधिक दिसते, त्याचे हे एक कारण आहे. त्याला 'बायका जास्त भाविक असतात' असे म्हणून सोडून देणे बरोबर नाही.

आणि आपल्या समाजाच्या बाबतीत तर हा प्रश्न कधीच निव्वळ आवडीनिवडीचा नव्हता. निसर्गात मन रमते की पूजास्थानात, असे सवर्ण कवीने विचारावे. आपल्या आजोबांना दोन्हीकडची दारे बंद होती. पाणी ही निसर्गाची सर्वांत साधी देणगी. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, पण आपल्या माणसांना बंदी होती. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून तळे खुले केले, तरी पाण्याला हात लावण्याची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. तीन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एकीकडे पाणी, दुसरीकडे देऊळ. दोन्ही लढे माणुसकीच्या हक्काचे होते, आणि देवळाच्या दारात पाच वर्षे उभे राहिल्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. हा इतिहास ज्याच्या अंगात आहे, त्याला विहाराचे उघडे दार आणि कान्हेरीच्या टाक्यातले पाणी ही दोन्ही सहज मिळालेली वाटू नयेत.

आता आपल्या शेजारीच जाऊ. मरोळपासून महाकाली केव्हज रोडने गेले की कोंडिविट्याची टेकडी लागते. जवळच्या देवीच्या देवळावरून लोक या लेण्यांना महाकाली म्हणतात, पण ही बौद्ध लेणी आहेत. दोन गटांत मिळून एकोणीस लेणी, सुमारे इ.स.पूर्व पहिल्या शतकापासून इ.स. सहाव्या शतकापर्यंत ती खोदली गेली. येथील खडक ठिसूळ असल्यामुळे खांब, कोरीवकाम बरेच झिजले आहे, आणि चोहोबाजूंनी इमारतींनी गराडा घातला आहे. घाईघाईत पाहणारा 'यात काय पाहायचे' म्हणून परत फिरतो. त्याने नवव्या क्रमांकाचे लेणे नीट पाहावे. हे चैत्यगृह आहे. पुढे चौकोनी दालन, आणि मागे खडकातच कोरलेली एक गोल खोली; तिच्या भिंतीला दार व दोन जाळीच्या खिडक्या, आणि आत स्तूप. अशी रचना भारतात फार थोड्या ठिकाणी आहे. बिहारमधील बराबर टेकडीवरच्या सुदामा व लोमश ऋषी या गुंफांशी तिचे साम्य जाणकारांनी दाखविले आहे. ती गोल खोली म्हणजे दुसरे तिसरे काही नसून रानातली गवताने शाकारलेली गोल झोपडी, तीच दगडात उतरविलेली! पूजेचे घर बांधायचे झाले तेव्हा त्या कारागिरांच्या डोळ्यांसमोर महाल नव्हता, वनातल्या भिक्खूची कुटी होती.

याच लेण्यांत एक पाली लेख आहे. पाचिकामा येथे राहणाऱ्या, गौतम गोत्रातील पित्तिंब नावाच्या ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिल्याचे त्यात म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मरोळ-कोंडिविटे परिसरात कोण कोणासाठी काय करीत होते, याचा हा पुरावा आपल्या विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावा. शाळेच्या सहलीत तो कोणी सांगत नाही.

कान्हेरीबद्दल सविस्तर लिहायचे तर स्वतंत्र लेख होईल. शंभराहून अधिक लेणी, सुमारे हजार वर्षांची वस्ती. आज आपण तेथे जातो तेव्हा चहूकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल दिसते आणि वाटते, हे भिक्खू जगापासून किती दूर राहत असतील! वास्तविक येथील शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल अशा बंदरांच्या व व्यापारी गावांच्या दात्यांची नावे आहेत. व्यापारी, सोनार, गृहिणी, भिक्खुणी, सगळे दाते. भिक्खूंना वर्षावासात चीवर व पादत्राणे मिळावीत म्हणून शेते व रक्कम कायमची ठेव म्हणून लावून दिलेली आहे. त्यांतले एक शेत मागाठाण्याचे, म्हणजे आजच्या बोरिवलीचे. लेण्यांच्या ओसरीत दगडी बाक कोरलेले आहेत. पावसाळ्यात त्या बाकावर बसून समोरची दरी पाहणारा भिक्खू निसर्गात होता यात शंका नाही. पण त्याच्या बाजूच्या टाक्यात साठणारे पाणी, अंगावरचे चीवर आणि पायातली पादत्राणे गावातून आलेली होती. पाण्याची ती टाकी आणि त्यांना जोडणाऱ्या पन्हळी पाहिल्या म्हणजे कळते की, डोंगरावर पडणारा पाऊस वाया जाऊ न देण्याची केवढी दृष्टी त्या लोकांना होती. आम्ही मात्र त्याच डोंगरातून येणाऱ्या मिठी नदीचा नाला केला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मिठीने आपली जागा परत मागितली तेव्हा काय झाले ते मरोळ, कुर्ल्याच्या लोकांना सांगायला नको.

या विषयावर सर्वांत स्पष्ट बोलणारा दगड मात्र कोंडिविट्याला किंवा कान्हेरीला नाही, तो सोपाऱ्याला सापडला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. चौदा लेखांपैकी नेमके हेच दोन आपल्या वाट्याला आले, आणि त्यांचे विषय पाहिले की आश्चर्य वाटते. आठवा लेख यात्रेबद्दल आहे. पूर्वीचे राजे 'विहारयात्रा' करीत, म्हणजे शिकार व मौजेसाठी रानात जात. प्रियदर्शी राजाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, यात्रा केली आणि तेव्हापासून 'धम्मयात्रा' सुरू झाल्या. त्या यात्रेत तो काय करीत असे? श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटणे, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलणे व प्रश्नोत्तरे. नववा लेख कर्मकांडाबद्दल आहे. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरा विधी 'धम्ममंगल', आणि त्यात काय येते तर दास व नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, दान.

म्हणजे एका लेखात निसर्गात जाण्याची रीत बदलली, दुसऱ्यात पूजेची. दोन्ही ठिकाणी अशोकाने कसोटी एकच लावली : या निमित्ताने तू कोणाला भेटलास, आणि कोणाशी कसा वागलास? नवव्या लेखाचा तुकडा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुलांना राणीची बाग दाखविणारे पालक त्या दिवशी तासभर काढून तेथेही जाऊ शकतात.

निसर्गात मन निवळते याला आधुनिक शास्त्राचाही आधार आहे. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तेवीस जोड्या त्याने तपासल्या. एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्रतेची पुरली. नुसते झाड दिसण्याने एवढा फरक पडतो, तर भिंतीला भिंत लागलेल्या आपल्या चाळीत व झोपडपट्टीत वाढणाऱ्या मुलाला कान्हेरीला गेल्यावर वेगळे वाटणारच. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

परंतु माणूस माणसांच्या मेळाव्यातही निवळतो, भारून जातो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्कहाइम याने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मविषयक ग्रंथात हे दाखवून दिले की, लोक एकत्र येऊन एकच कृती करतात तेव्हा त्यांच्यात एक सामूहिक चैतन्य निर्माण होते, आणि ते देवावर अवलंबून नसते. देव नसलेला धर्म म्हणून त्याने त्याच ग्रंथात बौद्ध धम्माचा विचार केला आहे. आपल्याला याचा पुरावा हवा असेल तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर उभे राहावे. तेथे झाडे नाहीत, शांतता नाही, रांगेत तासन्‌तास उभे राहून पाय सुजतात, रात्र शिवाजी पार्कच्या धुळीत काढावी लागते. समोर समुद्र असतो, पण त्याच्याकडे पाहायला किती जण जातात? तरीही विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली म्हातारी अस्थिस्तूपासमोर क्षणभर माथा टेकते आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला पसाद हाच शब्द योग्य आहे. तिला विचारले की अधिक शांत कोठे वाटते, शेतात की इथे, तर ती प्रश्न विचारणाऱ्यालाच वेड्यात काढील.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. धर्म ही खासगी बाब समजली जाते, धम्म मात्र सामाजिक आहे. एकटाच माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की धम्म आलाच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कान्हेरीच्या पायरीवर एकट्याने मिळविलेली शांती वाईट नाही. पण त्या शांतीत जोवर दुसरा माणूस येत नाही, तोवर ती बाबासाहेबांच्या अर्थाने धम्म होत नाही. हे आपल्या तरुणांना पटवून द्यायचे तर अगोदर वडीलधाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे : आपल्या विहारात तरी दुसरा माणूस भेटतो का? वंदना पंधरा मिनिटांत उरकते, नंतरचा पाऊण तास वर्गणी, मिरवणुकीचा बँजो आणि व्यासपीठावर कोणाला बसवायचे यात जातो. मुलगा एकदा येतो, दोनदा येतो, त्याचे नावसुद्धा कोणी विचारीत नाही. मग तो डोंगरावर गेला तर दोष कोणाचा?

वंदनेतल्या गाथा आपण पाठ म्हणतो, अर्थाकडे लक्ष देत नाही, हे दुसरे कारण. बुद्धमूर्तीपुढे फूल ठेवताना जी गाथा म्हणतो तिचा आशय काय? या फुलांनी मी पूजा करतो, आणि जसे हे फूल कोमेजेल तसा माझा देहही नाशाकडे जाणार आहे. म्हणजे पूजा करताना आपण निसर्गाकडेच बोट दाखवितो, अनित्यता शिकण्यासाठी. कुशिनाऱ्याला शालवृक्षांवर अकाली बहर आला व फुले अंगावर पडू लागली, तेव्हा तथागतांनी आनंदाला सांगितले की ही खरी पूजा नव्हे. जो धम्माप्रमाणे वागतो तो माझी खरी पूजा करतो. हा अर्थ दोन वाक्यांत जरी वंदनेपूर्वी सांगितला तरी त्या फुलाकडे पाहण्याची मुलाची नजर बदलेल.

आपल्याला लागूनच आरेचे रान आहे. १९४९ साली तेथे दुग्धवसाहत उभी राहिली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून वारली व इतर आदिवासींचे पाडे तेथे आहेत. त्यांचा वाघोबा रानातच असतो. त्यांना देव आणि रान वेगळे करून दाखवा म्हटले तर जमणार नाही. आपण वाघोबाला मानीत नाही, तो आपला मार्ग नव्हे. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे दोन दिवसांत तोडली गेली, तेव्हा रात्री धावत गेलेल्यांत पाड्यांवरची माणसे होती, कॉलेजची मुले होती. त्यांत वंदनेला न येणारी आपलीही मुले असतील. २०२४ पासून मरोळ नाक्यावरून त्याच मेट्रोने आपण प्रवास करतो, त्यामुळे एकतर्फी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण झाड तोडणे हा दोष मानणाऱ्या विनयाचा वारसा सांगणाऱ्या विहारांतून त्या वेळी या विषयावर किती प्रवचने झाली, हे प्रत्येक संस्थेने आपल्या इतिवृत्ताच्या वहीत पाहावे.

यावर्षीच्या वर्षावासासाठी एक सूचना आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन करतो. या तीन महिन्यांत महिन्यातून एका रविवारी ते वाचन कोंडिविट्याच्या लेण्यांत करावे. वाचायला मुलांनाच सांगावे. मेघियाची कथा, देवदत्ताच्या मागण्या, सोपाऱ्याचे दोन लेख हे विषय त्यांना जमतील. महिलांनी एकत्र निघावे, म्हणजे कोणाला एकटे जावे लागणार नाही. ज्या आजी-आजोबांना टेकडी चढवणार नाही, त्यांच्यासाठी त्याच दिवशी संध्याकाळी विहारात मुलांनी पुन्हा वाचावे व काय पाहिले ते सांगावे. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. मेणबत्ती-अगरबत्तीच्या काजळीने दगड खराब होतो, म्हणून ती नेऊ नयेत, लाऊडस्पीकर तर मुळीच नको. नवव्या लेण्यातील स्तूपासमोर उभे राहून त्रिसरण-पंचशील म्हणावे. गोल खोलीत आवाज कसा होतो, ते प्रत्येकाने स्वतःच ऐकावे. फुले न्यायला हरकत नाही, मात्र निघताना ती वेचून पिशवीत परत आणावी लागतील.

नमो बुद्धाय! जयभीम!